गंगापूर धरणात दीड किलो मीठ

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा नवा मांडव उभा राहिला की खाली तारेचे तुकडे उरतात. लांब तुकडे माणसं उचलून ठेवतात, कारण तारेला पैसे पडलेले असतात. बांधणीच्या बारीक तारेचे बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे मात्र मातीतच राहतात. पाऊस पडतो, गवत वर येतं, तार खाली जाते. बांधावरचं ते गवत कापून गव्हाणीत पडतं आणि गाय ते खाते.

शेळी ओठांनी पान न् पान वेचते. गाईची रीत वेगळी. ती जिभेचा वेढा घालून गवताचा झुपका ओढते आणि दोन-चारदा तोंडात फिरवून गिळून टाकते. नीट चावायचं काम नंतरचं, सावलीत बसून रवंथ करताना. पण तार रवंथाला परत वर येत नाही. ती जड असते, म्हणून जाळीपोटात जाऊन बसते. गाईच्या चार पोटांपैकी हे सगळ्यांत पुढचं. त्याची आतली बाजू हुबेहूब मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि त्या कप्प्यांत तार, खिळा, टाचणी अडकून राहते. पंचवटीत निर्माल्य खाणाऱ्या मोकाट गाईंच्या पोटात हारांतली तार आणि टाचण्या जाण्याचा मार्गही हाच.

जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावतं. त्याच्या पुढे श्वासपटलाचा पातळ पडदा आणि त्या पडद्यापलीकडे, जेमतेम चार-सहा बोटांच्या अंतरावर, गाईचं हृदय. जाळीपोट दाबलं गेलं की तारेचं टोक थोडं पुढे सरकतं. मिनिटाला एकदा, दिवसभर, रात्रभर. काही गाईंमध्ये तार भिंतीतच रुतून राहते, काहींमध्ये पडदा ओलांडून हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरते. जाताना पोटातले जंतू बरोबर घेऊन जाते आणि पिशवीत पू होतो.

बाहेरून काय दिसतं? दूध एकाएकी कमी होतं. गाय पाठ कमानीसारखी करून, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून फाकवून उभी राहते. उताराला जायला नको म्हणते. शेतकरी सांगतो, ‘डॉक्टर, कण्हतेय हो नुसती.’ डॉक्टर वशिंडामागची कातडी मुठीत धरून दाबतात. निरोगी गाय पाठ खाली वाकवते, दुखणारी वाकवत नाही, नुसती कण्हते. कुठे दोन माणसं छातीखाली आडवी काठी घालून वर उचलतात आणि कण्हण्याकडे कान लावतात. हृदय गाठलं गेलं असेल तर पुढे गळ्याखालच्या पोळीला पाणी उतरतं, मानेची शीर दोरीसारखी टरारते, आणि कोपराखाली स्टेथोस्कोप लावला तर अर्ध्या भरलेल्या हंड्यात पाणी डुचमळावं तसा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मला खिळवून ठेवतं ते या दोन टोकांच्या मधलं अंतर. तार टोचायला लागली आणि आवाज आला, या मधल्या काळात गाय काय सोसते ते तिला सांगता येत नाही. माणूस छातीवर हात ठेवतो, ‘इथे दुखतंय’ म्हणतो. गाय खाणं सोडते, आणि खाणं तर ती साध्या अपचनानेही सोडते. पण तिच्या रक्तात त्या वेळी एक बातमी फिरत असते.

त्या बातमीचं नाव ट्रोपोनिन. ते समजायला हृदयाच्या एका पेशीत उतरावं लागेल.

गाईचं हृदय मिनिटाला साधारण साठ-सत्तर ठोके देतं, म्हणजे दिवसाला नव्वद हजारांच्या घरात. प्रत्येक ठोक्याला हृदयाची प्रत्येक पेशी आखडते आणि सैल होते. पेशीत प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे शेजारी-शेजारी असतात. जाड धाग्याला अगणित हात, आणि ते हात बारीक धागा पकडून ओढतात. रस्सीखेच म्हणा. पण हात सतत ओढत राहिले तर हृदय एकदा आखडेल आणि तसंच राहील. म्हणून बारीक धाग्यावर पकडीच्या जागा झाकणारी एक दोरी असते आणि त्या दोरीला ठरावीक अंतरावर कड्या लावलेल्या असतात. ही कडी म्हणजे ट्रोपोनिन. पेशीत कॅल्शियम आलं की कडी सरकते, दोरी बाजूला होते, हात ओढू लागतात. कॅल्शियम गेलं की कडी पुन्हा लागते. गाईच्या छातीत दिवसातून नव्वद हजार वेळा ही उघडझाप चालते. या प्रथिनाला ट्रोपोनिन हे नाव मिळालं १९६५ मध्ये, जपानच्या सेत्सुरो एबाशी आणि आयाको कोदामा यांच्या कामातून. कॅल्शियमचा एवढासा कण स्नायूला हुकूम देतो हे एबाशींनी मांडलं तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं.

ही कडी तीन तुकड्यांची असते. सी तुकडा कॅल्शियम धरतो, टी तुकडा दोरीला बांधलेला, आणि आय तुकडा ओढण्याला मज्जाव करतो. पायाच्या स्नायूतही अशा कड्या असतात, पण हृदयातल्या आय तुकड्याला सुरुवातीला सुमारे तीस अमिनो आम्लांचं एक जास्तीचं शेपूट असतं. मांडीच्या, मानेच्या, जिभेच्या स्नायूत ते नाही. एखाद्या घराण्याच्या भांड्यावर नाव कोरलेलं असावं तसं हे शेपूट. भांडं कुठेही सापडो, कोणत्या घरचं ते कळतं.

हृदयाची पेशी धडधाकट असते तोवर ट्रोपोनिन जवळजवळ सगळं आतच, धाग्यांना बांधलेलं. थोडासा वाटा पेशीच्या रसात मोकळा असतो. पेशीला इजा झाली, तिची भिंत फाटली, की आधी तो मोकळा वाटा काही तासांत रक्तात येतो. मग धागे विरघळू लागतात तसतसं बांधलेलं ट्रोपोनिन कित्येक दिवस झिरपत राहतं. निरोगी गाईच्या रक्तात ते इतकं कमी असतं की साध्या यंत्रांना ते सापडतही नाही.

इतकं कमी म्हणजे किती, याचा हिशेब मी नाशिककराच्या मापाने करून पाहिला. आजच्या संवेदनशील तपासण्या एका लिटर रक्तरसात दहा नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा कोटींव्या भागाएवढं ट्रोपोनिनही मोजतात. आपलं गंगापूर धरण काठोकाठ भरलं की त्यात सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी असतं, लिटरमध्ये जवळपास १५,९०० कोटी. त्या अख्ख्या धरणात दीड किलो मीठ टाकायचं, कणभर दीड किलोच्या वर जाईल, आणि ते सगळीकडे सारखं विरघळू द्यायचं. मग सोमेश्वरच्या धबधब्याखाली वाटी धरायची आणि त्या वाटीवरून सांगायचं, वर धरणात कुणीतरी मीठ टाकलंय. तपासणी करते ते हेच. हा हिशेब मी तीनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

याआधीची साधनं इतकी नेमकी नव्हती. हृदयाला इजा झाल्याचं रक्तावरून ओळखता येतं हे १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवलं. त्यांनी मोजलेलं विकर म्हणजे एसजीओटी. आज आपण ते यकृताच्या रिपोर्टवर वाचतो, आणि अडचण तीच. ते यकृतातही असतं आणि प्रत्येक स्नायूतही. पुढे सीपीके आलं, तेही स्नायूंचंच. आता गोठ्यातली गोष्ट घ्या. व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून गाय बसली आणि दोन दिवस एकाच कुशीवर पडून राहिली, तर अंगाखाली दबलेल्या मांडीच्या स्नायूंमुळे सीपीके आणि एसजीओटी दोन्ही भराभर चढतात. नुसतं मांडीत इंजेक्शन दिलं तरी सीपीके वर जातं. मग तो आकडा हृदयाचा की मांडीचा? ते विकर सांगू शकत नाही. शेपूटवालं ट्रोपोनिन सांगू शकतं.

या तपासणीच्या जन्मात प्राणी पहिल्यापासून आहेत आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये बी. कमिन्स आणि पी. कमिन्स यांनी हृदयाचं ट्रोपोनिन आय मोजायची संवेदनशील पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यावर रक्तात ट्रोपोनिन किती आणि कधी वाढतं हे त्यांनी पाहिलं ते कुत्र्यांमध्ये. आज छातीत कळ आली म्हणून कुणालाही दवाखान्यात नेलं की पहिल्या तासात ‘ट्रॉप’साठी रक्त जातं. त्या नळीमागे ती कुत्री उभी आहेत. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मला त्यांची आठवण ठेवावीशी वाटते, आणि माणसांच्या दवाखान्यातली ही तपासणी आता त्यांच्या जातभाईंच्या उपयोगाला परत येते आहे याचं समाधानही वाटतं.

ती परत येऊ शकते याचं कारण थक्क करणारं आहे. ट्रोपोनिन आय सस्तन प्राण्यांमध्ये फारसं बदललेलंच नाही. माणूस, गाय, कुत्रा, घोडा, मांजर यांच्या हृदयातली ही कडी नव्वद टक्क्यांहून अधिक सारखी आहे. कोट्यवधी वर्षांत खूर आले, पंजे आले, शिंगं आली, आपण दोन पायांवर उभे राहिलो, पण ठोक्याची कडी तशीच राहिली, कारण तिच्यात गडबड झाली तर हृदयच बिघडतं. म्हणून माणसासाठी बनवलेल्या बऱ्याच तपासण्यांना गाईच्या रक्तातलं ट्रोपोनिनही ओळखता येतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. तिथून हातभर खाली, डाव्या कोपरामागे, तळवा टेकवून पाहा. आत जी कडी उघडझाप करते आहे, तीच जवळपास तशीच आपल्या छातीत आहे.

हे नातं प्रत्येक प्रथिनाला लागू नाही. हृदयावर ताण आला, भिंत ताणली गेली, की हृदय बीएनपी नावाचं एक संप्रेरक सोडतं. ते १९८८ मध्ये जपानमध्ये प्रथम सापडलं डुकराच्या मेंदूत, म्हणून नावात ‘ब्रेन’ राहून गेलं. नंतर कळलं की त्याचा मुख्य कारखाना हृदय आहे. पण बीएनपी प्राण्या-प्राण्यांत बरंच बदलतं. माणसाची तपासणी कुत्र्याला चालत नाही, कुत्र्यासाठी आणि मांजरासाठी वेगळ्या तपासण्या कराव्या लागल्या. डॉबरमनसारख्या जातीत हृदय फुगत जाण्याचा आजार वंशातून येतो आणि बाहेरून काही दिसायच्या आधी वर्षानुवर्षं आत चाललेला असतो. तिथे ही तपासणी आणि ट्रोपोनिन दोन्ही पाहतात. एक ताण सांगतं, दुसरं इजा.

तारेच्या गाईकडे परत येऊ. ज्या गाईंच्या जाळीपोटात तार रुतली आहे, त्यांपैकी कोणाच्या हृदयाला धक्का लागला आहे हे ओळखायला ट्रोपोनिन मदत करतं. पण एकटं पुरत नाही. फक्त पिशवीला सूज असेल आणि स्नायू शाबूत असेल तर आकडा फारसा वाढत नाही, म्हणून सोनोग्राफी हवीच. आणि आकडा हृदय दुखावलंय एवढंच सांगतो, कशाने ते सांगत नाही. तारेनेही वाढतो, गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियानेही, हायवेच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर खाल्ल्यानेही. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडूनही चालत नाही. गाय तीच, यंत्र तेच, आणि काही तासांनी पुन्हा घेतलेलं रक्त, अशी जोडी जमली तर त्या चढ-उतारात अर्थ असतो. तार आत जायच्या आधी उपाय मात्र फार साधा आहे. बोटाएवढं, गोल टोकांचं चुंबक गाईला गिळवतात. ते जाळीपोटात जन्मभर पडून राहतं आणि येणारी तार स्वतःला चिकटवून घेतं. मांडवाच्या पट्ट्यात तरी ते प्रत्येक दुभत्या गाईच्या पोटात असावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या दृष्टीने ट्रोपोनिनची सगळ्यांत हृदयद्रावक गोष्ट मात्र वासरांची आहे.

लाळ्या-खुरकूत सगळ्यांना माहीत आहे. तोंडात फोड, लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा. मोठी गाय सहसा मरत नाही, पण दूध जातं, आणि बैल नांगराला उभा राहत नाही. या रोगाचं कारण गाळणीतून निसटणारं काहीतरी आहे हे जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवलं. प्राण्यांमध्ये रोग करणारा हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. पण लहान वासरात हाच विषाणू तोंडाची वाट न पाहता थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. वासराला फोड नाहीत, लाळ नाही. सकाळी आईच्या कासेला लागलेलं वासरू दूध पिता-पिताच खाली कोसळतं. गोठ्यातले सगळे म्हणतात, साप चावला असेल. शवविच्छेदन केलं तर हृदयावर करड्या-पिवळट पट्ट्या दिसतात, मेलेल्या स्नायूच्या. पशुवैद्यकात त्याला वाघाचं हृदय म्हणतात, कारण ते वाघाच्या कातडीसारखं पट्टेदार दिसतं.

तुर्कस्तानात वासरांवर आणि इराणमध्ये कोकरांवर झालेल्या अभ्यासांत अशा आजारी पिल्लांच्या रक्तात ट्रोपोनिन निरोगी पिल्लांपेक्षा कितीतरी वाढलेलं आढळलं. म्हणजे पट्टे डोळ्यांना दिसायला वासरू मरावं लागतं, पण जिवंतपणीच रक्त ते पट्टे सांगत असतं. एका गोठ्यात साथ शिरली आणि दहा वासरं उभी आहेत, तर कोणाला अजिबात धावू द्यायचं नाही, कोणाला आईमागे हाकायचं नाही, हे त्या आकड्यावरून ठरवता येईल. अशा हृदयाला विश्रांतीपलीकडे फारसं औषध नाही. पण आधी कळलं तर विश्रांती तरी देता येते.

यातली एक गोष्ट मनातून जात नाही. देशभरची लाळ्या-खुरकूत लसीकरणाची मोठी मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली. दर सहा महिन्यांनी टोचणी, पण वासरू चार महिन्यांचं झाल्यावरच. आणि हृदयावरचा घाला पडतो तो मुख्यतः त्याआधीच्या वयात. त्या वासराकडे असतो फक्त आईचा चीक. आईला लस वेळेवर मिळाली असेल तर तिच्या चिकातून तिची प्रतिकारशक्ती पहिल्या काही तासांत वासराच्या पोटातून थेट रक्तात जाते. घोटीच्या बाजारात डांगी गाय घेताना लोक खूर बघतात, कातडीचा तेलकटपणा बघतात, कारण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तोच तिला तारतो. म्हणून मी त्यात एक प्रश्न घालेन, लस कधी दिली? आणि वासरू जन्मल्यावर चीक ‘जड पडेल’ म्हणून आखडता हात घेणाऱ्या प्रत्येक घराला सांगेन, पाजा. जितका पिईल तितका, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक हृदय आहे ज्याची मला काळजी वाटते, आणि त्याला गोठा नाही. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळविटं आहेत, तिथे त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात ती विहिरीत पडतात. गाव गोळा होतं, वनखात्याची माणसं येतात, दोर, जाळं, बाज खाली सोडली जाते. काळवीट वर येतं, धडपडत उभं राहतं आणि उधळत निघून जातं. टाळ्या पडतात.

पण तासभर विहिरीच्या भिंतीवर आपटत, शेकडो माणसांचा आवाज ऐकत, जिवाच्या भीतीने ते ताणलेलं असतं. हरणवर्गी प्राण्यांचे स्नायू अशा प्रसंगी अक्षरशः जळतात. आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंचे धागे तुटतात. सीपीके, एसजीओटी प्रचंड चढतात, तुटलेल्या स्नायूचा रंग लघवीत उतरून मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि हृदयाचा स्नायूही याच आगीत सापडतो. मृत्यू लगेच येतो असं नाही, तो काही तासांनी येतो, कधी कित्येक दिवसांनी, दूर कुठेतरी बाभळीखाली. रक्त घेतलं तर ट्रोपोनिन ते सांगेल, पण रक्त घ्यायला त्याला पुन्हा धरावं लागेल, आणि धरणं हीच तर इजा.

म्हणून जाणती माणसं विहिरीवर पोचली की आधी गर्दी मागे सारतात. मोबाईल खाली, आवाज बंद. काळवीट वर आलं की त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकतात. अंधार झाला की त्याचं धडपडणं थांबतं, नाकपुड्या हळूहळू संथ होतात. दोर अलगद सोडतात, फडकं काढतात, आणि सगळे तिथेच खाली बसून राहतात, ते दिसेनासं होईपर्यंत.